साडूंचे चौदा पॉइंट

एखादा निर्णय न घेण्यासाठी माणूस किती कष्ट उपसू शकतो, हे ज्याला बघायचं असेल त्याने आमच्या साडूंना भेटावं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. मूळचे पाटण तालुक्यातले, पण गेली अठ्ठावीस वर्षं बहारीनमध्ये, सलमाबादच्या एका वर्कशॉपात कॉम्प्रेसर दुरुस्तीचे मुख्य. तिथे त्यांच्यापुढे बिघडलेलं मशीन आणून ठेवा, दोन मिनिटं कान लावून ऐकतील आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगून मोकळे होतील. हाच माणूस हॉटेलात गेला की मेनू तीनदा वाचतो आणि शेवटी वेटरला विचारतो, "तू आज काय जेवलास?" पण हॉटेलचं एक वेळ सोडा. अमेरिकेतल्या एका डोंगराळ राज्यात एल्कच्या शिकारीला नेमकं कुठल्या एरियात जायचं, एवढी एक गोष्ट या गृहस्थांना चौदा वर्षांत ठरवता आलेली नाही. मीही बहारीनमध्येच, त्यामुळे त्यापायी माझे चौदा वर्षांचे शुक्रवार, म्हणजे इथले सुट्टीचे दिवस, कारणी लागले आहेत.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. वर्कशॉपात कधीकाळी एक अमेरिकन इंजिनिअर कामाला आला होता, त्याने फोनवर दाजींना एक फोटो दाखवला. मागे बर्फ, पुढे देवदार, आणि मधे तोंडातून वाफ सोडत उभं असलेलं ते धूड. दाजींनी लहानपणी कोयनेच्या रानात सांबराचं ओरडणं ऐकलं होतं, पण जनावर कधी दिसलं नव्हतं. झालं, तेवढं पुरलं. आता तिथे शिकारीला जायचं म्हणजे उठलं आणि निघालं असं नसतं. सरकारने सगळ्या राज्याचे एरिया पाडलेत. चांगल्या एरियात मोजकेच परवाने, त्यांचा ड्रॉ निघतो, बहुतेक परवाने तिथल्या रहिवाशांना जातात आणि बाहेरच्यांच्या वाट्याला थोडे उरतात. नंबर लागला नाही, किंवा त्या वर्षी नुसतीच नोंदणी केली, तर एक पॉइंट जमा होतो. ज्याचे पॉइंट जास्त, तो रांगेत पुढे. आणि नंबर लागला रे लागला की साठलेले सगळे पॉइंट खलास. हा नियम ज्याने केला त्याला आमचे दाजी माहीत नव्हते.

कारण आम्ही गल्फमधली माणसं मुळात साठवणारी. चांगली भांडी स्टिकरसकट माळ्यावर जातात, कारण ती "गावी गेल्यावर" काढायची असतात. नव्या बॅगेवरचं प्लॅस्टिक आम्ही काढत नाही. "अजून एकच वर्ष, मग कायमचं परत," हे वाक्य इथे प्रत्येक मराठी घरात दर वर्षी म्हटलं जातं, आणि ते म्हणणाऱ्यांची मुलं बघता बघता कॉलेजात जातात. दाजींनी हीच रीत एल्कला लावली. दर एप्रिलमध्ये अर्जाची मुदत यायची, दर एप्रिलमध्ये ते म्हणायचे, "या वर्षी पॉइंटच घेऊ. अजून एक झाला की मग बघा." असे चौदा पॉइंट झाले. यंदा मात्र पुढे ढकलायला जागा उरली नव्हती. ऑगस्टमध्ये त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की उजवा गुडघा वर्षभराने डोंगर चढायच्या लायकीचा राहणार नाही. म्हणजे यंदा अर्ज केला नाही तर दाजी कधीच जाणार नाहीत, हे मला कळत होतं, त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या ताईंना कळत होतं, आणि दाजी फाईल चाळत होते.

ती फाईल घेऊन ते दर शुक्रवारी सकाळी आठ वाजता माझ्या दारात उभे राहतात. दार माझी मुलगी उघडते आणि आत ओरडते, "बाबा, युअर एल्क इज हिअर." दाजी खुर्चीत बसतात, ताजा खबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, चहात बुडवतात आणि नकाशा पसरतात. मी हिशेबाच्या धंद्यातला माणूस, तेव्हा माझं काम काय, तर त्यांनी एरियाचं नाव काढायचं आणि मी टक्केवारी वाचून दाखवायची. मग त्यांनी तो एरिया मोडीत काढायचा. एकात खासगी जमीन फार, "पाटलाच्या वावरातून विचारून जायचं, ते नको." दुसऱ्यात रस्ते फार, म्हणजे गर्दी फार. तिसऱ्यात रस्ताच नाही, "मग मारलेलं जनावर काय डोक्यावर आणायचं?" चौथा सगळ्या बाजूंनी उत्तम, तर, "इतका चांगला आहे, मग बाकीचे का जात नाहीत? काहीतरी असणार." मुलीसाठी स्थळं बघणाऱ्या एखाद्या खाष्ट आत्यानेही इतकी खुसपटं काढली नसतील. एका एरियात बाहेरच्यांनाही हमखास परवाना मिळतो, एकही पॉइंट लागत नाही. तो तर त्यांनी हात लावण्याआधीच बाद केला. "जो सगळ्यांना मिळतो, तिथे असून असून काय असणार?" आणि ज्या एका एरियावर त्यांचा खरा जीव, तिथे त्यांचा दर वर्षी एक पॉइंट वाढायचा आणि परवान्याला लागणारा आकडाही दर वर्षी एकाने वाढायचा. त्यांच्यासारखेच साठवणारे तिकडेही असणार. मी एकदा कागदावर मांडून दाखवलं की दाजी, हे असं चाललं तर तुम्ही तिथे कधीच पोचत नाही. त्यांनी कागद नीट बघितला, घडी घातली आणि फाईलला लावला.

बरं, तयारीत म्हणाल तर कसूर नाही. तिकडचे डोंगर दहा हजार फुटांचे आणि आमचं बहारीन परातीसारखं सपाट. म्हणून दाजी पाठीवर वीस किलो तांदळाची गोण बांधून आमच्या झिंजमधल्या इमारतीचे अकरा मजले चढायला लागले. वॉचमन मल्याळी, भला माणूस. तो रोज सांगायचा, "साब, लिफ्ट चालू है." दाजी रोज म्हणायचे, "मालूम है." एकदा सातव्या मजल्यावर एका बाईंनी त्यांना थांबवलं, दुकानातून सामान आणणारा समजून हातात पाण्याचा मोठा कॅन दिला आणि दहाव्यावर बहिणीकडे पोचवायला सांगितलं. दाजींनी पोचवला. मी विचारलं, सांगितलं का नाही त्यांना? तर म्हणाले, "वजन वाढत होतं, आपलाच फायदा होता."

मग एल्कच्या नराची हाळी शिकायचं निघालं. एक प्लॅस्टिकची नळी मागवली आणि संध्याकाळी हॉलमध्ये उभं राहून ते तिच्यातून जो काही आवाज काढायचे, तो मी इथे लिहू शकत नाही. सुरुवातीला शिटी, मधे रडणं आणि शेवटी खोकला. तिसऱ्या दिवशी शेजारची बहारिनी आजी काळजीने कलौंजीचं तेल घेऊन आली आणि रोज छातीला चोळायला सांगून गेली. दाजींनी ते इमानेइतबारे चोळलं. शिवाय मलाही सोडलं नाही. दोन वर्षांपूर्वी ईदच्या सुट्टीत शिकारी-सुरक्षेची ऑनलाइन परीक्षा त्यांनी मला जबरदस्तीने द्यायला लावली, "नुसतं सोबत म्हणून द्या हो." मला त्यांच्यापेक्षा सहा मार्क जास्त पडले, तर दोन शुक्रवार माझ्याशी नीट बोलले नाहीत. आणि हे सगळं कुणी करावं, तर घरात पाल निघाली की सुपलीत घेऊन खाली बागेत सोडून येणाऱ्या माणसाने. मी म्हटलं, "दाजी, समोर आला तर गोळी तरी झाडाल का?" तर म्हणे, "ते तिथे गेल्यावर बघू."

यंदा मुदत संपायच्या आधीच्या शुक्रवारी माझा संयम सुटला. त्यांनी चार एरिया काढले, चारही बाद केले आणि म्हणाले, "यंदा पॉइंटच घेऊ का?" मी नकाशा गोळा करून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "दाजी, तुम्हाला जायचंच नाहीये. तुम्हाला फक्त ही फाईल पाहिजे. पुढच्या वर्षी तुम्ही पाटणला असाल आणि गुडघ्याला पट्टा असेल. घ्या पॉइंट, आणि ठेवा माळ्यावर." आतून बायको "अहो" म्हणाली. दाजी उठले. चहा तसाच ठेवून गेले. मला दिवसभर वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचाही राग आला.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर ते पुन्हा आले. फाईल नव्हती. म्हणाले, "साडूभाऊ, लॅपटॉप उघडा, अर्ज भरू." मी मुकाट्याने उघडला. त्यांची माहिती भरून झाली तसे म्हणाले, "आता खाली तुमचं नाव टाका. जोडीने अर्ज करायचाय. परीक्षा तुम्ही पास आहातच."

चौदा वर्षं टक्केवारी वाचून मला ती नियमावली त्यांच्यापेक्षा जास्त पाठ झाली होती. जोडीने अर्ज केला की दोघांतल्या ज्याचे पॉइंट कमी, त्याचेच धरतात. माझ्याकडे एकही नव्हता. म्हणजे त्यांच्या चौदाची किंमत माझ्या शून्याइतकी, आणि मिळणार काय, तर तो हमखास मिळणारा एरिया. नंबर लागला की त्यांचे चौदाही जाणार. मी हे सगळं त्यांना तावातावाने समजावलं, दोनदा समजावलं. म्हटलं, एकटे गेलात तर ज्यावर तुमचा जीव तो एरिया नाही, पण त्याच्या खालोखालचा तरी मिळेल.

"माहिती आहे," दाजी म्हणाले. "तुम्हाला पासपोर्ट नंबर पाठ आहे का, की आणायला लागेल?"

मी बायकोकडे बघितलं. ती पासपोर्ट घेऊनच उभी होती. अर्ज गेला. एका माणसाने चौदा वर्षं ज्याचा कीस पाडला, ते काम अकरा मिनिटांत झालं आणि तेही, माझ्या मते, साफ चुकीचं झालं.

जूनमध्ये निकाल आला. नंबर लागणारच होता. दोघांची नावं एकाखाली एक, आणि दाजींच्या खात्यात पॉइंटच्या जागी शून्य. मी ते शून्य बघत बसलो. दाजी मात्र बुटांचा साईज विचारत होते, माझ्या. शेवटी मी विचारलं, "असं का केलंत? एकटे गेला असतात तर चांगल्या ठिकाणी गेला असतात."

"एकट्यानेच जायचं होतं म्हणून तर जात नव्हतो," ते म्हणाले. इतकं सरळ उत्तर मला त्यांनी आयुष्यात कधी दिलं नव्हतं. "तुम्ही धापा टाकणार, मोठ्याने बोलून सगळी जनावरं पळवणार, हे मला माहीत आहे. पण समजा दिसलाच, तर वळून सांगायचं कुणाला? तो बघा, तो बघा, असं म्हणायला माणूस नको?"

माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. पण हा माणूस दोन महिन्यांनी बहारीन सोडून जाणार होता, तेव्हा मी फक्त बुटांचा साईज सांगितला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मी ऑक्टोबरची रजा टाकली.