झाकण उघडायचं नाही

माझ्या हातचं सँडविच खाऊन माझी सासू गेली. हे वाक्य मी आजवर कुणाला बोलून दाखवलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. लिहायला सोपं जाईल असं वाटलं होतं. तेही जात नाही.

आम्ही कुंभवलीत राहतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी, जिचं दार वर्षातले बहुतेक दिवस बंदच असतं. नवरा तारापूरच्या एका कंपनीत बॉयलरवर आहे, त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. मी दुसऱ्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये. सकाळी नऊला बस, संध्याकाळी साडेसहाला घरी. मुलगी तेव्हा नववीत होती आणि साडेसातला तिचा क्लास. म्हणजे घरात पाय ठेवल्यापासून तिच्या पानात वाढेपर्यंत माझ्या हातात पाऊण तास. त्यात आंघोळ, कारण लॅबचे कपडे घालून मी स्वयंपाकघरात जात नाही.

या पाऊण तासावर उपाय म्हणून मी ऑनलाइन तो स्लो कुकर मागवला. आत जड मातीसारखं भांडं, वर काचेचं झाकण, पुढे एक गोल बटण. सकाळी चिकनचे तुकडे, उभा चिरलेला कांदा, आलं-लसूण, टोमॅटो आणि सासूने कुटून घेतलेला मसाला घालायचा, बटण बारीक आचेवर फिरवायचं आणि निघून जायचं. संध्याकाळी मांस इतकं मऊ झालेलं असायचं की दोन काट्यांनी ओढलं की धागे सुटायचे. नाक्यावरच्या बेकरीतले पाव मधोमध कापायचे, तव्यावर लोण्यात शेकायचे, आत ते धागे, वर बारीक चिरलेला कोबी, हिरवी चटणी. वीस मिनिटांत सगळ्यांचं जेवण. सोमवारी चिकनऐवजी राजमा. मुलगी तर बेहद्द खूश. आठवड्यातून तीन दिवस पोळ्या लाटायच्या नाहीत म्हटल्यावर मीही स्वतःवर खूश होते.

खूश नव्हती ती सासू. सासरे गेल्यावर ती दातिवऱ्याचं घर बंद करून आमच्याकडे आली होती. चाळीसएक वर्षं तिने मासळी विकली. माशाचा कल्ला उचलून नाकाशी नेला की कालचा की आजचा हे तिला कळायचं, आणि बर्फात किती वेळ होता तेही. ती सवय तिच्या हाडीमाशी खिळलेली. ताटातली भाजी असो, दुकानातला पाव असो, आधी नाकाशी, मग तोंडात. मुलीच्या मैत्रिणी घरी आल्या की मुलीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कुकर आला त्या दिवशी सासू त्याच्यापुढे कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"जाळ नाय, वाफ नाय. कोंबडी शिजवतेस का अंडी उबवतेस गं?"

मी हसले. पण पुढे रोज ती दुपारी झाकण उचलून बघायला लागली. झाकण उचललं की आतली ऊब जाते, मग शिजायला अर्धा तास जास्त लागतो, आणि माझ्याकडे तो अर्धा तास नसायचा. दोनदा मांस चिवट राहिलं. तिसऱ्यांदा मी चिडले. "आई, आजपासून या झाकणाला हात लावायचा नाही. तुमच्या वासाशिवायही कोंबडी शिजते." तिने पदराने हात पुसले आणि गॅलरीच्या बंद दाराशी जाऊन बसली. त्यानंतर तिने झाकणाला हात लावला नाही.

आता वासाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे हवेला वेळापत्रक आहे. संध्याकाळी सडक्या कोबीसारखा वास येतो, पहाटे कधी डोळे चुरचुरतात. लोक खिडक्या लावतात आणि म्हणतात, "आज कुणी सोडलं?" आणि विषय संपतो. कुठलाही वास आला की तो कंपनीचा. नाल्याचा असो, मेलेल्या उंदराचा असो, कंपनीचाच. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना आम्ही हसत सांगतो की दोन दिवसांत सवय होईल.

माझी सवय जरा जास्तच झाली होती. लॅबमधल्या चौदा वर्षांनंतर माझं नाक पूर्ण गेलं. एकदम नाही गेलं. आधी अबोली-मोगऱ्यातला मोगरा गेला, मग फोडणी, मग एक दिवस हिंगाची डबी नाकाला लावून उभी राहिले आणि काहीच आलं नाही. मी कुणाला सांगितलं नाही. लॅबमध्ये नाक हीच पहिली घंटा असते. बाटली गळते आहे हे यंत्राच्या आधी माणसाला कळलं पाहिजे. नाक गेलेली बाई लॅबमध्ये ठेवत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून मी शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून नाक मुरडायला शिकले. घरी दूध तापवून बघायचं, फाटलं तर फाटलं. भात बोटांनी चिवडून बघायचा. दिवस निघत होते.

सासू मात्र अधूनमधून काहीतरी काढायची. एकदा मी डब्यासाठी ठेवलेली डाळ तिने सरळ मोरीत ओतली. "आंबलेली," एवढंच म्हणाली. एकदा मी अंघोळीहून आले तर ती शेगडीचं बटण बंद करत होती. मी विचारलं तर म्हणाली, "काय नाय, जरासं उघडं होतं." मला वाटायचं, ही सून कुठे चुकते हेच बघत बसते. खरं सांगते, मला तिचा राग यायचा.

तो मंगळवार होता. नवऱ्याची दुपारची पाळी, म्हणजे तो रात्री तिकडेच कँटीनमध्ये जेवणार. मी सकाळी पावणेनऊला चिकन लावलं आणि निघाले. संध्याकाळी आले तेव्हा कुकरचा लाल दिवा लागलेला होता, भांडं गरम होतं, सगळं नेहमीसारखं. सासू स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती.

"आज लाईट गेलेली," ती म्हणाली.

"किती वेळ?"

"तू गेलीस नि थोड्या टायमात गेली. दुपारी माजा डोळा लागून उटले तरी आली नव्हती. मी झाकण नाय उघडलं."

मी झाकण उचललं. वाफ आली. काट्याने ओढलं तर मांस जरा घट्ट होतं, पण सुटत होतं. मी म्हटलं, झाकण बंद होतं ना, आत ऊब राहिली असेल. बाहेर कंपन्यांनी काहीतरी सोडलं होतं हे मला बसमध्येच कळलं होतं, कारण पुढच्या सीटवरच्या बाईने नाकाला ओढणी लावली होती.

"वास येतो," सासू म्हणाली.

"कंपनीचा आहे."

"यो वास कंपनीचा नाय. याला येतो."

तिने भांड्याकडे बोट दाखवलं. मी पाव शेकत होते, घड्याळात सात वाजून पाच मिनिटं झाली होती, मुलगी दप्तर घेऊन ताटावर बसली होती. मी त्या भांड्यावर वाकले. जोरात श्वास घेतला, तिला दिसेल असा. मला काहीही आलं नाही. येणारच नव्हतं. आणि मी तोंड वर करून तिला म्हणाले, "काही वास नाही. आई, तुमचं आता वय झालं."

ज्या बाईला काहीच कळत नाही तिने, ज्या बाईला सगळं कळतं तिला, हे सांगितलं.

मुलीने विचारलं, "नक्की ना? आजी म्हणतेय तर..." मग माझा तोल गेला. दिवसभर उभी राहून राबते, तरी ताटावर परीक्षा, एक घास जरी टाकलात तर उद्यापासून आपापलं करून खा, असं काय काय बोलले. तिघींची ताटं वाढली. पहिला घास मीच घेतला, दाखवायला. सासूने माझ्या मनगटावर हात ठेवला. "तू पण नको खाऊ, पोरी," ती हळू म्हणाली. मी हात झटकला. चव मसाल्याची होती, जरा आंबट लागलं, टोमॅटो जास्त झाला असेल असं मनात आलं. मी एक खाल्लं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला, मी बेडरूममध्ये जाऊन चार मिनिटं बोलले. परत आले तर मुलीचं ताट रिकामं होतं, सासूचंही, आणि मुलगी केळं सोलत होती. म्हटलं, बघा, खाल्लं की नाही.

सकाळी सहाला उठले तर माझं पोट बिघडलेलं होतं. सासू बाथरूमच्या भिंतीला टेकून खाली बसली होती, लुगडं खराब झालेलं, ओठ कोरडे. मी तिला धुतलं, कपडे बदलले, मीठसाखरेचं पाणी दिलं. तिला बारा वर्षांपासून साखरेचा आजार, हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी लॅबमध्ये बाहेरचे तपासनीस यायचे होते. मी एक गोळी घेतली, एक तिला दिली, झोपलेल्या नवऱ्याला हलवून सांगितलं की आईकडे बघ, आणि नऊची बस पकडली. मुलीला काहीच झालं नव्हतं. ती शाळेत गेली. कोवळं पोट असून तिला काही कसं झालं नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

दुपारी नवऱ्याचा फोन आला तो बोईसरच्या दवाखान्यातून. तिथून तिला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. डॉक्टरांनी विचारलं, काल काय खाल्लं होतं? मी म्हणाले, "घरचंच, साधं." तेही खोटं नव्हतं. चौथ्या दिवशी तिची किडनी बंद पडली. मी जवळ असताना ती एकदाच नीट जागी झाली. तिने माझा हात ओढून नाकाशी नेला, लॅबमधून येताना मी साबणाने तीनदा धुतलेला हात, आणि म्हणाली, "जात नाय गं यो वास." मला वाटलं, ती भ्रमात बोलते आहे.

दातिवऱ्याला माती झाली. किनाऱ्यावरच्या बायका रडत होत्या आणि पुरुष घोळक्याने उभे होते. "कंपनीनंच खाल्ली तिला," कुणीतरी म्हणालं. "हितं होती तवा कदी शिंकली नाय." दुसरा म्हणाला, तिकडचं पाणीच विषारी हाय. नवऱ्यानेही मान हलवली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी तिकडेच काम करते म्हणून. मीही मान हलवली. कुठल्याही वासाला कंपनीचं नाव देऊन मोकळं व्हायची आमची सवय, ती त्या दिवशी माझ्या कामाला आली. त्याची लाज मला आजही वाटते.

कुकर मी कपाटावर टाकला. दोन महिने रोज पोळ्या लाटल्या. मग दिवाळीच्या आधी कामाचा बोजा वाढला, रोज सात वाजायला लागले, आणि एका सकाळी मी तो खाली काढला. माणूस इतका निर्लज्ज असतो. संध्याकाळी आंघोळ करून स्वयंपाकघरात आले तर मुलगी ओट्याशी उभी. झाकण तिच्या हातात, डोकं भांड्यावर, डोळे मिटलेले. अगदी सासूसारखी.

"झाकण का उघडलंस?" माझ्या तोंडून सवयीने निघालं.

"लाईट गेली नव्हती. चांगलं आहे," ती म्हणाली. मी तव्यावर पाव ठेवले. ती झाकण ठेवून तिथेच उभी राहिली.  "आई, त्या दिवशी मी सँडविच नव्हतं खाल्लं. तू फोनवर होतीस ना, तेव्हा आजीने माझ्या ताटातलं घेतलं. तिचं आणि माझं, दोन्ही तिने खाल्ली."

मी विचारलं, टाकून का नाही दिलं?

"मी म्हटलं तिला, खिडकीतून टाकू. ती म्हणाली, तुझी आय बघील नि परत ओरडंल. म्हणाली, मला काय नाय होत, मी सुकट खाऊन मोठी झालेली." ती रडायला लागली. "मी तुला तेव्हाच सांगणार होते. पण तिने शपथ घातली होती."

"कसली शपथ?"

मुलीने नाक पुसलं. "तुझ्या नाकाबद्दल बोलायचं नाही, अशी. ती आपल्याकडे राहायला आली त्याच महिन्यात तिला कळलं होतं. मला म्हणाली होती, तुझ्या आयचं नाक गेलंय, तिला कळू द्यायचं नाय आपल्याला कळलंय ते. बाहेर कुणाला कळलं तर तिचं काम जाईल. म्हणाली, तू शाळेत असतेस, मी हाय तवर मीच बघते वास घेऊन."

पाव तव्यावर करपले होते, हे मला धूर दिसला तेव्हा कळलं. मुलीने गॅस बंद केला. सासू दुपारी झाकण कशासाठी उचलायची हे मला त्या ओट्याशी उभं राहून समजलं, आणि तिला ते उचलू नको असं मीच सांगितलं होतं.