मावशींची स्वच्छ दारू

मावशींचा या जगात कुणावर विश्वास असेल तर तो उकळत्या पाण्यावर. इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीमागे एक लांबट खोली होती. तिथे वापरलेल्या कात्र्या, चिमटे, कापडं यायची आणि मावशी ती धुऊन, उकळून, वाफेच्या यंत्रातून काढून, गठ्ठे बांधून परत पाठवायच्या. उभा जन्म त्यांनी त्या खोलीत काढला. एखादी नवी नर्स चिमटा उचलून म्हणाली, "मावशी, हा स्वच्छच दिसतोय की," तर मावशी तो तिच्या हातातून काढून घेत. "दिसतोय ना? दिसण्यावर जाऊ नकोस बाई. दिसण्यावर गेलेले सगळे तळमजल्यावर आहेत." तळमजल्यावर शवागार होतं. पाठीमागे सगळ्या त्यांना उकळीमावशी म्हणत. मावशींना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

घरीही तोच खाक्या. चमचे उकळायचे, पंचे उकळायचे, पाहुणा उंबऱ्याबाहेर पडला की दाराची कडी पुसायची. नवरा म्हणायचा, "एक दिवस मलाही पातेल्यात घालशील." नवरा छापखान्यात होता. माणूस गमत्या, पण पिणारा. तो गेला तोही बाहेरच. पत्र्याच्या टपरीत मिळणारी कसलीशी दारू प्यायला आणि सकाळी एका बंद दुकानाच्या पायरीवर सापडला. डॉक्टर म्हणाले, दारूत भेसळ होती. झाल्या प्रकारातून आळीने जो धडा घ्यायचा तो घेतला, की दारू वाईट. मावशींनी वेगळाच घेतला. नवऱ्याला दारूने नाही मारलं, घाणीने मारलं.

मुलगा मोटारी दुरुस्त करायचा. हातात कसब असं, की नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचा. पण बापाची गंमत त्याच्यात उतरली नाही, बापाची तहान तेवढी उतरली. त्याने कितीदा तरी कानाला खडा लावला. कधी देवासमोर, कधी बापाच्या फोटोसमोर, एकदा तर मावशींच्या पायावर डोकं ठेवून. प्रत्येक वेळी दाढी करून, अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून यायचा आणि म्हणायचा, "आई, सोडली." आठवडाभर बरं जायचं, मग ये रे माझ्या मागल्या. शेवटच्या खेपेला मावशींचा तोल गेला. "बापाच्या वळणावर गेलायस, बापाच्याच पायरीवर सापडशील!" त्याने पिशवीत कपडे कोंबले आणि निघून गेला. त्यानंतर त्याने घरात पाऊल टाकलं नाही.

मावशी तोवर निवृत्त झाल्या होत्या. दिवस खायला उठायचा. सकाळी दूध आणायला जाताना त्यांची नजर दुकानांच्या पायऱ्यांवरून फिरायची. कुणी पाय पोटाशी घेऊन झोपलेला दिसला की जवळ जाऊन, तोंड बघून, मगच पुढे. अशाच एका सकाळी त्यांच्या मनाने घेतलं, की तो पिणार, हे ब्रह्मदेवालाही चुकवता येणार नाही. मग घरात पिऊ दे. डोळ्यांसमोर पिऊ दे. स्वच्छ पिऊ दे. हा विचार वेडा होता असं म्हणणं सोपं आहे. ज्याच्या घरात पिणारा नाही त्याला तर फारच सोपं.

त्यांनी काळी द्राक्षं आणली आणि इस्पितळात करायच्या तसंच सगळं केलं. बरणी उकळली, फडकं उकळलं, डाव उकळला. द्राक्षं चुरडून त्यांचा रसही चांगला खळखळून उकळला. वर झाकण आवळून बसवलं आणि वाट बघत बसल्या. बरणी ढिम्म. नव्हता फेस, नव्हता वास. आणखी काही दिवसांनी रसावर हिरवट-पांढरी बुरशी धरली. उभ्या आयुष्यात मावशींच्या हातून निघालेल्या भांड्यात बुरशी! त्यांना रडूच आलं.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा सासरा घरी वाइन करायचा, म्हणून मावशी त्याला विचारायला गेल्या. सगळं ऐकून बेकरीवाला पोट धरून हसला. "रस उकळलात? मग होणार काय, कपाळ? अहो मावशी, ज्यांच्या जिवावर रसाची वाइन होते ते जंतूच तुम्ही मारलेत की!"

"जंतू?" मावशींनी पदर आवरून घेतला.

"सगळेच काही वाईट नसतात हो. थोडा विश्वास ठेवायचा आणि त्यांना त्यांचं काम करू द्यायचं." त्याने यीस्टची पुडी दिली आणि पुढचं नीट समजावलं.

मावशींनी ती पुडी साप आणावा तशी दोन बोटांत धरून घरी आणली. या खेपेला रस उकळला नाही. न उकळलेल्या रसात साखर आणि यीस्ट घालताना त्यांचा जीव अर्धा झाला. बरणीच्या तोंडाला बूच, बुचातून रबरी नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याने भरलेल्या पेल्यात, म्हणजे आतला वायू बाहेर जाईल, पण बाहेरची हवा आत शिरणार नाही. नळी कशी बसवायची हे मावशींना कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेल्यातून आवाज आला. बुडूक. मावशी हातातलं काम टाकून धावल्या. पुन्हा बुडूक. मग तर पेल्याला दम खायला फुरसत मिळेना. मावशी स्टूल ओढून बरणीजवळ बसू लागल्या. घरात कुणीतरी बोलतंय असं त्यांना वाटायचं. पुढे बुडबुडे थांबले, गाळ तळाला बसला, त्यांनी वरचं निवळ अलगद दुसऱ्या बाटल्यांत काढलं आणि पुन्हा थांबल्या. सरतेशेवटी बोट बुडवून चाखलं. जन्मात कधी थेंब न घेतलेली बाई ती, चांगलं की वाईट काय कळणार? आंबट लागलं, थोडं कडू, आणि घशाखाली ऊब उतरली. मावशी एकट्याच हसल्या.

त्यांनी मुलाच्या गॅरेजमध्ये फोन करून निरोप ठेवला, "म्हणावं, घरी ये. तुझ्यासाठी काहीतरी केलंय."

रविवारी दुपारी तो आला. दाढी केलेली, नखांतलं काळं ग्रीससुद्धा घासून काढलेलं, शर्ट धुतलेला. मावशींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हे सोंग त्यांच्या ओळखीचं होतं.

"आई," तो बसता बसता म्हणाला, "मी सोडली."

"बरं."

"या वेळी खरंच सोडली."

"तुझे बाबाही खरंच म्हणायचे." मावशींनी फळीवरून पेला काढला, बाटली आणली. "हे बघ, मी आता तुला बोलणार नाही. शपथा घालणार नाही. तू फक्त बाहेरची पिऊ नकोस. ही घरची आहे, मी माझ्या हाताने केलीय. स्वच्छ आहे."

तो पेल्याकडे बघत राहिला. "तू वाइन केलीस? तू?"

"तुझ्यासाठी केली. पहिली नासली. मग दुसरी केली."

"आई, मी पीत नाहीये आता. ऐक ना माझं."

"ऐकलंय रे. पुष्कळदा ऐकलंय." मावशींच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. दुधाने तोंड पोळलेली ती बाई, ताकही फुंकून पीत होती. "चोरून कुठेतरी पिशील आणि पायरीवर पडशील, त्यापेक्षा इथे बस. मला झोप तरी लागेल."

तो जरासा हसला, रडू आवरताना माणूस हसतो तसा. "म्हणजे मी काही केलं तरी तुझ्या लेखी पिणाराच."

मावशींनी पेला भरला आणि त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो उचलून एका दमात रिकामा केला.

"कशी झालीय?" त्यांनी विचारलं.

"छान झालीय," तो म्हणाला, आणि पेला पुढे केला.

त्या दिवशी मावशी खूश होत्या, हे लिहायला जीवावर येतं, पण होत्या. मुलगा घरात होता. बाटली संपवून तो बापाच्या खाटेवर आडवा झाला, आणि त्याच्या घोरण्याच्या आवाजात त्यांना कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

सोमवारी दार वाजलं. गॅरेजचा मालक होता.

"तो इथे आहे का हो? कामावर आला नाही. महिनोन्‌महिने एक खाडा नाही त्याचा, म्हणून म्हटलं बघून यावं."

"झोपलाय," मावशी म्हणाल्या. "महिनोन्‌महिने?"

"तुम्हाला सांगितलं नाही त्याने? तुमच्याकडून निघाला तो थेट माझ्याकडे आला. म्हणाला, मला वरच्या खोलीत कोंडून घाला. सुरुवातीला काय हाल झाले पोराचे! चहाचा कप धरवत नव्हता. पण थेंबाला शिवला नाही तेव्हापासून. मी म्हणायचो, अरे आईला कळव, तिचा जीव टांगणीला असेल. तर म्हणायचा, नुसतं सांगून तिला पटणार नाही. हात थरथरायचा थांबला की जातो, म्हणजे ती स्वतःच बघेल."

मावशींनी दाराची चौकट धरली. काल त्याचा शर्ट त्यांनी पाहिला होता, नखं पाहिली होती. हाताकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं.

"पाठवते त्याला," त्या कशाबशा म्हणाल्या. मालकाच्या नाकाला आतला वास आला असावा. तो मान खाली घालून जिना उतरला.

आत मुलगा उठून बसला होता. डोळे लाल, तोंड सुजलेलं. त्याने सगळं ऐकलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"बाळा," मावशी म्हणाल्या, "चुकलं रे माझं."

"आई, अजून आहे का?"

फडताळात आणखी दोन बाटल्या होत्या. मावशी त्या घेऊन मोरीपाशी गेल्या. एकीचं बूच काढलं. मागे खाट करकरली.

"नसेल तर राहू दे," तो चपला शोधत म्हणाला. "मी खाली टपरीवर जाऊन येतो."

"थांब," मावशी म्हणाल्या. "आहे."

त्यांनी पेला भरला. त्याचा हात इतका थरथरत होता की पेला त्यांना खालून धरून ठेवावा लागला.