उलट्या शिवणीचे मामा

जगात माणसांचे दोनच प्रकार असतात, ज्यांचं माप घेऊन झालंय ते आणि ज्यांचं घ्यायचं राहिलंय ते, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी पाहिला. तो म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा, सासूबाईंचे धाकटे भाऊ. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडले तेव्हा आशीर्वाद द्यायच्या आधी त्यांनी माझ्या पदराची कड उलटून टीप पाहिली आणि "दोरा कच्चा आहे" म्हणाले. मग सावकाश "सुखी राहा".

एसटीच्या कार्यशाळेत त्यांनी बावीस वर्षं बसच्या सीटची कव्हरं शिवली. त्यामुळे सबंध जिल्हा आपल्या शिवणीवर बसून प्रवास करतो, अशी त्यांची धारणा होती, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. स्वतः बसमध्ये चढले की सीटवर हात फिरवल्याशिवाय बसायचे नाहीत. एकदा नांदगावला एका लग्नाला आम्ही सगळे निघालो. त्यांना फाटकी सीट मिळाली. टोपीच्या घडीत सुई आणि गुंडाळलेला दोरा कायम असायचाच. शेजारच्या गृहस्थांना त्यांनी "दोन मिनिटं उठता का" म्हणून उठवलं, ते थेट मनमाड गेलं तरी उभेच. नांदगाव आलं तेव्हा एक अख्खी कड राहिली होती. ती शिवून होईपर्यंत मामा उतरले नाहीत, कंडक्टर ओरडत राहिला आणि आमच्या अक्षता चुकल्या. परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, "लग्न काय, लागलंच असतं. सीट तशीच राहिली असती."

रेक्झिनवर दाभण चालवणाऱ्या त्या राठ हातांचा खरा जीव मात्र तान्ह्या बाळांच्या कपड्यांत होता. मामी लग्नानंतर दोन वर्षांतच गेल्या, मूलबाळ नव्हतं. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात त्यांच्या दोन खोल्या होत्या, आणि खिडकीशी पायमशीन. बोळात कुणाला दिवस गेल्याचं कळलं की मामा त्या घरी जाऊन जुनी लुगडी मागायचे. नवं कापड बाळाच्या अंगाला लावायचं नाही, कारण "नव्या कापडाला अजून माणसाची सवय नसते." ते जुनं कापड ते पुन्हा पुन्हा धुवायचे, उन्हात वाळवायचे, आणि झबलं शिवून झालं की प्रत्येक टीप स्वतःच्या पापणीवरून फिरवून पाहायचे. पापणीला टोचली की सगळं उसवायचं. बटण नाही, नाडीचे बंद, आणि शिवण बाहेरच्या बाजूला. एका शेजारणीनं झबलं परत आणलं, "मामा, हे उलटं शिवलंय हो."

"उलटं नाही," मामा म्हणाले. "आपण बाहेरून बघतो, बाळ आतून बघतं."

झबल्या-टोपड्यांबरोबर चार पिशव्या असायच्याच. एक ओल्या लंगोटांची, एक कोरड्या दुपट्यांची, एक वाटी-बोंडल्याची आणि एक रिकामी. रिकामी कशाला, तर बाळाला कुणी ना कुणी काही ना काही देतंच, ते ठेवायला. घरातल्या आजीला वाचता येत नसलं तरी कळावं म्हणून पिशव्यांवर रंगीत कापडाची चित्रं जोडलेली असत: मासा, सूर्य, पोपट. त्यांचा पोपट हुबेहूब वांग्यासारखा दिसायचा. सासूबाई म्हणायच्या, "अरे, चोच तरी वेगळ्या रंगाची कर." ते म्हणायचे, "अक्का, बाळानं अजून पोपट कुठं पाहिलाय?"

मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा चौथ्या महिन्यातच त्यांनी मशीन सुरू केलं. सासूबाईंना ते आवडलं नाही. मूल पोटात असताना त्याच्यासाठी काही शिवू नये, असं त्यांचं म्हणणं. मामांनी हसण्यावारी नेलं. "अक्का, बाळ उघडं येतं आणि थंडी न सांगता येते. दोघांपैकी कुणाला थांब म्हणायचं?" सातव्या महिन्यात आमच्या द्वारका चौकाजवळच्या घरात खुंटीवर चार पिशव्या टांगलेल्या होत्या, भरलेल्या. आठव्या महिन्यात मुलगा झाला. तो रडलाच नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सासूबाई मामांना जे बोलल्या ते मला आतल्या खाटेवर ऐकू आलं. "नको नको म्हणत होते मी. तुझ्या शिवणीनं नेलं माझं नातवंड." मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवत होते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. एक हाक मारून "असं बोलू नका" म्हणायला हवं होतं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चारही पिशव्या सासूबाईंनी पंचवटीच्या गंगेत सोडल्या, आणि मामांनी घरी जाऊन मशीनचा पट्टा काढून ठेवला. बोळातल्या बायका आल्या की "आता जमत नाही" एवढंच सांगायचे. टोपीतली सुईसुद्धा गेली.

दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस राहिले. घरात कुणी काही बोललं नाही, पण सुईदोऱ्याचा डबा माळ्यावर गेला. ह्यांच्या शर्टाचं बटण तुटलं तर ते शेजारी लावून आणायचं. मामा दर रविवारी यायचे. पूर्वी आले की घरातल्या उशा-पडदे तपासत फिरायचे, आता दाराजवळच्या खुर्चीत हात खिशात घालून बसायचे. "सूनबाई, जेवतेस ना?" एवढंच विचारायचे, तेही माझ्या पायांकडे बघून. एकदा गादीची उसवलेली शिवण त्यांना दिसली. हात खिशातून निघून टोपीकडे गेला आणि मधेच थांबला. ते लगेच उठले, म्हणाले, "येतो मी." चहाही घेतला नाही. आठवा महिना लागला तशी मी दिवस मोजायला लागले. रस्त्यावर मोठा हॉर्न वाजला तरी पोटावर हात जायचा. सासूबाई दिवसातून दहा वेळा विचारायच्या, "हालचाल आहे ना गं?" आणि मी हो म्हटल्यावरही उत्तर खोटं असल्यासारख्या माझ्याकडे बघत राहायच्या.

ऐन थंडीत एका दुपारी मेथी निवडताना कळ आली. पंधरा दिवस तरी अजून हवे होते, असं डॉक्टरीणबाईंनी आदल्याच आठवड्यात बजावलं होतं. हे कचेरीत. सासूबाईंनी रिक्षा आणली, आणि द्वारकेच्या चौकात आम्ही अडकलो. पुढे ट्रक, मागे ट्रक. सासूबाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि दोन्ही हात पसरून एका ट्रकसमोर उभ्या राहिल्या. "पोर अडलीय माझी! मागं घे!" तो भला मोठा ट्रक खरंच मागे गेला. एरवी त्या एकट्या रस्ता ओलांडायच्या नाहीत.

साडेतीनला मुलगी झाली. ती रडली, पण मांजराच्या पिल्लाइतक्या आवाजात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन फार कमी आहे. आमच्याकडे काचेची पेटी नाही आणि हिला आत्ता हलवणं धोक्याचं आहे. ऊब टिकली पाहिजे, रात्रंदिवस. कपडे काय आणलेत?"

आम्ही काहीच आणलेलं नव्हतं. घरीही काही नव्हतं. सासूबाईंनी आपली शाल पुढे केली, पण ती लोकरीची, खरखरीत, आणि बाळाचं कातडं इतकं पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या. नर्सनं कापसात गुंडाळून दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. बाटली सरकली की भाजायची भीती, लांब गेली की ऊब जायची. सासूबाईंनी शालीची घडी घातली. मग म्हणाल्या, "मी जाऊन येते," आणि गेल्या.

पुढचं मला मामांच्या शेजारच्या भाजीवाल्या मावशींनी नंतर सांगितलं. सासूबाई दोन वर्षांत त्या घराची पायरी चढल्या नव्हत्या. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"मशीन चालतंय का तुझं?"

मामा उठले. "काय झालं, अक्का?"

"मुलगी झालीय. आहे. पण एवढीशी आहे." त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. "अंगाला लावायला एक चिंधी नाही घरात."

मामा जागचे हलले नाहीत. "मी शिवू?"

"तूच शिव."

"आणि उद्या काही झालं तर?"

"झालं तर माझं नशीब. तुझं काही नाही त्यात," सासूबाई म्हणाल्या. "आता बोलत नको बसू. शिव."

दोन वर्षांत मामांनी टाका घातला नव्हता, पण जुनी लुगडी धुणं काही थांबवलं नव्हतं. ट्रंक भरली होती. त्यातलं सगळ्यांत मऊ, मामींचं लुगडं त्यांनी काढलं. पट्टा चढवला. सुईत दोरा काही केल्या जाईना. सासूबाईंनी तो ओवून दिला आणि सगळं होईपर्यंत शेजारी बसून राहिल्या.

दिवेलागणीला दोघं दवाखान्यात आले. दोन झबली, एक टोपडं, आणि एक पिशवी. बाळाला आत ठेवायची, मधे पिंजलेला कापूस भरलेली, पुढून बंद बांधायची. दोन्ही बाजूंना आणि पायाशी बाहेरून खिसे होते, बाटल्यांसाठी. डॉक्टरीणबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली, आत हात घातला, खिशात गरम बाटली ठेवून पुन्हा हात घातला. "हे कुणी सुचवलं तुम्हाला?"

"सुचवायचं काय त्यात?" मामा म्हणाले. "बाटली अंगाला लागू नये आणि लांबही जाऊ नये. पण एक पुरायची नाही. ओली होईल. दुसरी सकाळी आणतो."

अकरा दिवस आम्ही तिथं होतो. मामा बाहेरच्या बाकावर बसायचे. आत या म्हटलं तर मान हलवायचे. रोज सकाळी सासूबाई दारात जाऊन एकच शब्द सांगायच्या, "आहे." मग मामा उठून चहा प्यायला जायचे. नवव्या दिवशी सासूबाईंना उशीर झाला. नऊ वाजले, साडेनऊ झाले. मामा बाकावरून उठून उभे राहिले होते, असं चहावाला सांगत होता, आणि कुणी हाक मारली तरी वळून बघत नव्हते. शेवटी सासूबाई बाहेर आल्या, त्या डोळ्यांना पदर लावूनच. मामांनी टोपी काढून हातात घेतली.

"अरे, तसं नाही," सासूबाई म्हणाल्या. "दूध ओढलं तिनं. स्वतःचं स्वतः. मी बघत बसले, म्हणून उशीर झाला."

मामा त्या दिवशी पहिल्यांदा आत आले. बाळाकडे बराच वेळ बघून मला म्हणाले, "सूनबाई, गळा थोडा सैल झालाय. उद्या बदलून देतो." मी हसायला लागले आणि हसता हसता मला रडू आवरेना.

नंतर ते पहिल्यासारखे झाले, म्हणजे असह्य झाले. डॉक्टरीणबाई अशक्त बाळांच्या आईवडिलांना त्यांच्याकडे पाठवू लागल्या. रिक्षावाले, शेतकरी, कारकून, सगळे त्या बोळात विचारत यायचे, आणि मामा त्यांच्या शर्टांच्या कडा उलटून दोऱ्याला नावं ठेवायचे. डोळे अधू झाले तेव्हा सासूबाई दर मंगळवारी पंचवटीत जाऊन आठवडाभराच्या सुया ओवून ठेवायच्या. त्या व्हरांड्यातल्या बोलण्याचा विषय दोघांत कधी निघाला नाही. मीही काढला नाही.

माझी मुलगी तिसरीत असताना मामा गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. खोल्या रिकाम्या करायला मी आणि सासूबाई गेलो होतो. भांडी बांधून झाली, ट्रंक उचलून झाली, आणि सासूबाई मशीनच्या स्टुलावर बसल्या. खिडकीतून बोळातला गलका येत होता.

"मी त्याला तसं बोलायला नको होतं ना गं?" त्या एकाएकी म्हणाल्या. कधीचं बोलणं, हे त्यांनी सांगितलं नाही.

"मामांनी मनात नसेल ठेवलं," मी म्हटलं. ते खरं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. विचारायला माणूसच राहिला नव्हता.

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं आम्ही दाराला कुलूप लावलं. गंगेवरच्या पुलावर आल्यावर त्यांनी, रहदारी फारशी नव्हती तरी, माझा हात धरला, आणि पूल संपला तरी सोडला नाही.