चतुर्थीची ओहोटी

भरतीच्या वेळेला मी ओहोटी समजले आणि सख्ख्या नणंदेला खाडीत बुडवायला निघाले होते, हे एकदाचं सांगून टाकते. नातवंडांनी मात्र हे वाचू नये. त्यांना वाटतं, आजीला समुद्रातलं सगळं कळतं.

तेव्हा मी पन्नाशीची, नवीकोरी निसर्गप्रेमी. डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण आणि तोंडात पक्ष्यांची नावं, त्यातली निम्मी चुकीची. सासऱ्यांनी शिकवलेला हिशोब मात्र पाठ होता : तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की पाण्याची वेळ निघते. त्या दिवशी संकष्टी. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे तीनला पूर्ण ओहोटी! निघते ती वेळ भरतीची, हे मी साफ विसरले होते. माहेर चिपळूणचं, तिथलं पाणी घरात शिरतं ते तिथी विचारून नाही.

अकराच्या सुमारास आम्ही दोघी पूर्णगडच्या खाडीत उतरलो. समोरच्या बेटावरचं कांदळवन बघायचं होतं. वन्संना पोहता येत नव्हतं. "घोट्याच्या वर भिजणार नाही," असा मी शब्द दिला होता.

वाटेत ओहोटीच्या चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून परतणारी एक बाई भेटली, डोक्यावर भरलेली टोपली.

"आता कुठं चाललांव, बाई?"

मी तिला अख्खा हिशोब समजावला. तिने तो उभ्याने ऐकून घेतला, "बरं" म्हणाली आणि गेली.

बेटावर खिचडीचा डबा उघडला, खेकडे बघितले, खंड्याला भलतंच काहीतरी म्हटलं. तेवढ्यात वन्संच्या चपला तरंगत निघाल्या.

"वहिनी, ओहोटी अशी चढते का गो?"

तासाभरात पाणी कमरेला. एकेका झाडाला मिठी मारून आम्ही उभ्या. वन्संनी रामरक्षा सुरू केली, आणि मधूनमधून माझा उद्धार.

मग होडी दिसली. टोपली घरी ठेवून तीच बाई आली होती. तिने आधी वन्संना ओढून घेतलं, मग मला. चिखलाने माखलेली मी, तरी म्हणालेच, "पण हिशोबाने तीन निघत होते हो!"

वल्हं मारता मारता ती म्हणाली, "तीनच बरोबर, बाई. तीनला पाणी पुरतं भरतं. पण मी टोपली भरून घरी चाललेली तुम्हाला दिसली नाय? यवढी दुर्बीण गळ्यात घालून?"