नलूकाकीचे राजहंस

मार खाताना नलूकाकी कधी ओरडली नाही. आमच्या आणि तिच्या घरात एकच भिंत. पलीकडे पाठीवर पट्टा पडला की आम्हाला स्पष्ट ऐकू यायचं, तिचा मात्र हूं की चूं नाही. ती ओरडायची ती नवऱ्यानं मॅटीला हात घातला की. मॅटी म्हणजे ते जाळीदार जाड कापड, ज्यावर घरं मोजून फुलीचे टाके घालतात. ते टर्रकन फाटलं की नलूकाकीची किंकाळी अख्ख्या वारूळवाडीला ऐकू जायची. "नले, जिवापेक्षा कापड मोठं झालं का गं तुला?" आई चिडून विचारायची. "पाठीला पुन्यांदा कातडं येतं वैनी," ती म्हणायची, "मॅटीला येत न्हाई."

तिचा नवरा दामू टोमॅटोची पिकअप चालवायचा. नात्यानं माझा काका लागायचा, पण मी त्याला काका म्हणणार नाही, अजूनही नाही. बाजार पडला म्हणून मारायचा, बाजार चढला की पिऊन मारायचा. तिनं भरलेला मोर त्यानं चुलीत घातला. दारावरच्या 'सुस्वागतम'नं गाडीची काच पुसली. दुसऱ्या दिवशी नलूकाकी सुजलेल्या डोळ्यानं आमच्या ओट्यावर हजर, नवीन मॅटी मांडीवर घेऊन!

टाका तिनंच मला शिकवला. फार प्रेमानं शिकवला असं काही नाही. लाकडी रिंग फाडकन बोटांवर मारायची. "आगं भवाने, घर सोडलंस! उसव. चुकलेल्यावर टाके घालत बसलीस तर फुडलं समदंच वाकडं." मी रडायला लागले की म्हणायची, "रडायचं आसंल तर भायेर जा. हितं घरं मोज." तिच्या हातात सुई असली की तिच्याशी वाद घालायची माझ्या वडिलांचीही छाती नव्हती.

नव्वदच्या दशकात केबल गावात नुकतीच आली होती, सगळ्या बायका दुपारी टीव्हीपुढे. नलूकाकी राजहंसांच्या जोडीपुढे. मोठी जोडी, मागे तळं, तळ्यात कमळं. मनीषाच्या, तिच्या एकुलत्या एक लेकीच्या, रुखवतात मांडायची. काम संपलं की राजहंस आमच्या घरी, आईच्या गादीच्या खोळीत. दामूला पत्ता नाही. कित्येक वर्षं आई त्या हंसांवर झोपली.

मनीषाला मंचरकडचं स्थळ आलं. मळा, ट्रॅक्टर, एकुलता मुलगा. दामू खूश. सुपारी फोडायच्या दिवशी मुलाकडच्या बायका म्हणाल्या, "पोरीच्या हातचं काय दाखवा की." आता मनीषाला सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी कंटाळा, पण आईचं काम लेकीच्या नावावर खपवणं आमच्याकडे घरोघर चालतं. मी खोळीतून राजहंस आणून सतरंजीवर अंथरले. बायका बघतच राहिल्या. दामूही बघत राहिला. हे आपल्या हातून सुटलंच कसं, असं त्याचं तोंड झालं होतं.

तेवढ्यात नवऱ्या मुलानं पंख्याच्या बटणाकडे हात उचलला. शेजारी त्याची आई बसली होती. तिनं गपकन मान खाली घातली आणि हाताचं कोपर तोंडावर धरलं. क्षणभरच. मग पदर सारखा करून हसली.

नलूकाकीनं ते पाहिलं. ती उठली, आत गेली आणि कात्री घेऊन आली. कुणाला काही कळायच्या आत तिनं दोन्ही हंसांच्या मानांमधून कात्री घातली आणि कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत कापत नेलं. किंकाळी या वेळी माझी होती.

"रुखवताला कात्री? अपशकुन झाला! उठा!" मुलाचा चुलता ओरडला. बाईनं नाही म्हटलं तर कोण ऐकतं? अपशकुनाचं मात्र सगळे ऐकतात. हे तिला पक्कं ठाऊक होतं. सुपारी न फोडता पाहुणे गाडीत बसले.

गाडी वळली आणि दामूनं तिला केसांना धरून अंगणात फरफटत आणलं. लाथा घातल्या. तिचा उजवा हात जमिनीवर टेकला होता, त्यावर बुटाची टाच देऊन तो उभा राहिला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. आई त्याला ओढत होती, मी ओरडत होते. तेवढ्यात मनीषानं भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं आणि बापाच्या खांद्यावर घातलं. तो तोंडावर आपटला. ती पुन्हा फावडं उगारून उभी. "उठा की आबा! उठाच आता!" तो उठला नाही.

त्याचा खांदा कायमचा गेला. नंतर त्यानं बायकोवर हात उचलला नाही, कारण उचलताच येत नव्हता. मला वाईट वाटलं का? छे! तसूभरही नाही. पण नलूकाकीची बोटं वाकडी जुळली, सुई धरणं संपलं. आणि मनीषाचं नाव झालं बापाला हाणणारी पोरगी. स्थळं यायची बंद झाली. ती द्राक्षांच्या पॅकिंगला जायला लागली. "माझ्यामुळं पोर बसली घरात," नलूकाकी म्हणायची, आणि तेव्हा मात्र रडायची.

गावात मोबाईल आले, माझं लग्न झालं, मूल झालं. मी माहेरी आले होते तेव्हा पठारावरच्या आणे गावाहून एक स्थळ आलं. सगळं माहीत असून आलं. चहा व्हायच्या आधी नलूकाकी मुलाच्या आईला म्हणाली, "पावणं, जरा आत या." मी चुलीपाशी होते. तिनं दार लावलं आणि वाकड्या बोटांनी त्या बाईच्या हातातल्या बांगड्या वर सारायला लागली. बाई दचकली. मग तिनं नलूकाकीच्या बोटांकडे पाहिलं, आणि स्वतःच बाही खांद्यापर्यंत वर केली.

दंडावर जुना, लांब व्रण होता.

"हा मालकाचा," बाई म्हणाली. "पोरगं शाळंत व्हतं तवाचा. ह्याच्यानंतरचा एकबी न्हाई. पोरानं बापाचा हात धरला त्या दिशी. म्हनून तर तुमच्या दारात आलो, ताई. दुसरीकडं कुटं गेलोच न्हाई."

नलूकाकीनं त्या व्रणावरून हात फिरवला, बाही नीट खाली केली. मग दार उघडून बाहेर बसलेल्या पुरुषांना तिनं सांगितलं,

"फोडा सुपारी."