यमुनाबाईंचे चार दिवस

भाऊबीजेला मुरबाडला माहेरी गेले होते. दुसऱ्याच दिवशी शहापूरहून सांगावा आला, थोरल्या जाऊबाई तापानं गेल्या... मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. त्याला आता तीन आठवडे झाले.

जाऊबाईंच्या, म्हणजे यमुनाबाईंच्या, गोष्टी मासिकात वाचणाऱ्यांना वाटत असेल, बाई टेबलाशी बसून लिहीत असतील. कसलं टेबल! महिन्याचे चार दिवस बाहेरची म्हणून मागच्या पडवीत बसायचं, चुलीला हात लावायचा नाही. तेवढीच त्यांना सवड. वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर पेन्सिलीनं लिहायच्या आणि पाचव्या दिवशी न्हाल्या की मला द्यायच्या. मी शाईनं उतरवून काढायची. एका गोष्टीत सून सगळ्यांना वाढून झाल्यावर तव्यावरची शेवटची भाकरी खाते, बस्स. मी म्हटलं, "यात काय घडतच नाय." त्या हसल्या. "आपल्या घरात तरी काय घडतं गो? तेच लिवते."

मग वयानुसार त्यांचं बाजूला बसणं थांबलं. "सुटलीस गो बाई," सासूबाई म्हणाल्या. भात कांडताना जाऊबाई मला हळूच म्हणाल्या, "सुटले कसली? आता लिवायचं कंदी?" आणि दोन महिन्यांनी, परत सुरू झालं म्हणून बाई खुशाल पडवीत जाऊन बसल्या! संशय नको म्हणून कोरी धडपी भिजवून कुंपणावर वाळत घालायच्या. एकदा विसरल्या, तर मीच घातली. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. स्वयंपाक मात्र माझ्या एकटीवर पडायचा, आणि खोटं कशाला बोलू, राग यायचा.

या दिवाळीआधी तो राग बाहेर पडलाच. मी म्हटलं, "या खेपेला नका बसू हो, फराळाचं एकटी किती करू?" त्या म्हणाल्या, "बरं. दिवाळी झाली का बसेन." चार दिवस माझ्या शेजारी बसून करंज्या भरत होत्या. ते मला अजून खातंय...

या आठवड्यात मी बाहेरची झाले. पडवीतल्या कोनाड्यात त्यांची बोटभर पेन्सिल मिळाली आणि अर्धी राहिलेली गोष्ट. ती उतरवून काढली. पुढचं मला सुचत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. सासूबाईंना अक्षरओळख नाही आणि आमच्याकडचे पुरुष बायकांचं लिहिणं वाचत नाहीत, तेव्हा इतकं मोकळं लिहिता येतं.

आज सकाळी सासूबाईंनी दारातून विचारलं, "पाचवा ना गो आज? ऊठ, न्हाऊन घे."

"नाय हो," मी म्हटलं, "आज चौथाच."