माझे कारंजे आणि विहीणबाईंची पिचकारी

काय सांगायचे आणि कोणत्या तोंडाने सांगायचे! पण चहा ओतला आहे, तुम्ही बसला आहात, तेव्हा कबूल करून टाकते. मी जुनी मॅट्रिक. माझ्या घरी डब्यांवर चिठ्ठ्या असतात आणि वाळत घातलेल्या टॉवेलांची टोके जुळलेली असतात. अशा बाईने गेल्या मे महिन्यात स्वतःचे जे हसे करून घेतले, त्याला तोड नाही.

मुलगा नागपूरला असतो. दरवर्षी मे महिन्यात सून वैशाली आणि दोन नातवंडे, गुंजन व सोहम, माझ्याकडे राजुऱ्याला येतात. अकरा महिने वाट पाहून मिळणारा माझा हा एक महिना. गेल्या वर्षी मात्र वैशालीची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, कुरखेड्याहून चार दिवसांसाठी म्हणून आल्या. सामान काय? एक पिशवी आणि हिरव्या बांबूची मोळी. एस.टी.तून! कंडक्टरने कसे येऊ दिले, देव जाणे.

पहिल्याच संध्याकाळी त्या अंगणात फतकल मारून बसल्या. बांबूचे एक पेर कापले, गाठीला तापल्या खिळ्याने भोक पाडले, काडीला चिंधी गुंडाळली, झाली पिचकारी. दुसऱ्या दिवशी कामट्यांना पळसाची पाने अडकवून पाण्याची चक्की केली. नळाखाली धरली की गरगर फिरते! तिसऱ्या दिवशी सागाच्या पानांच्या नावा.

मी काय केले होते? मी मुलांसाठी शुद्धलेखनाच्या वह्या आणून ठेवल्या होत्या.

चार दिवसांचे नऊ झाले. "कुरखेड्याची आजी, हे बघ! कुरखेड्याची आजी, इकडे ये!" दिवसभर हाच घोष. मी कोण? मी 'पाय पुसा' म्हणणारी. आणि दहाव्या दिवशी सोहम जेवता जेवता म्हणाला, "पुढच्या सुट्टीत आपण डायरेक्ट कुरखेड्यालाच जाऊ."

माझ्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. माझा महिना! मत्सर म्हणतात तो हाच, हे मला त्या क्षणी कळले. घशाशी येतो, अगदी पित्तासारखा.

मी ठरवले, आपण कारंजे करायचे. बांबू कोणीही कापेल, कारंज्याला पदार्थविज्ञान लागते! पाइप होता, घंगाळ होते, प्लास्टिकच्या बाटलीला सुईने भोके पाडली. उरला पंप. तो कूलरमध्ये असतो. घरात कूलर दोन: एक माझ्या खोलीत, एक पुढच्या खोलीत, जिथे विहीणबाई झोपत. आता तुम्ही विचाराल, स्वतःच्या कूलरचा का नाही काढलास? अहो, दुपारी मला झोप लागते!

सकाळी त्या मुलांसोबत पाने आणायला गेल्या, तेव्हा मी पंप काढला. संध्याकाळी परत लावणार होते, शपथेवर सांगते.

राजुऱ्याची मे महिन्यातली दुपार तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या खाणींतला कोळसा जमिनीखाली आहे की डोक्यावर, कळत नाही. जेवणे झाली. मी मागच्या पडवीत घंगाळ नळाखाली लावून कारंज्याची जोडणी करत होते, तोच दारात विहीणबाई! मी पंप पदराखाली घेतला.

"इहीनबाई, कूलर गरम हवा फेकून राह्यला. पानी नाई का त्याच्यात?"

"नाही," मी म्हणाले. "आज पाणी नाही."

मागे नळ धो धो वाहत होता.

त्यांनी नळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मला वाटले, काहीतरी गोड बोलावे. म्हणून म्हणाले, "तुमच्या कुरखेड्याला झाडी भरपूर. या दिवसांत माणसाने तिथेच असावे, नाही?"

"हो," त्या हळूच म्हणाल्या, "समजलं मले."

मला काहीच समजले नव्हते! मी आपली त्या गेल्या म्हणून खूश.

चार वाजता मी मुलांना बोलावले. घंगाळात वीज आलेली, म्हणून सुरक्षिततेसाठी रांगोळीची एक रेषा मारली आणि दोघांना रेषेबाहेर ओळीत उभे केले. बटण दाबले. बाटलीतून पाणी वर आले. किती? चार बोटे.

"आजी, आता काय करायचं?" सोहमने विचारले.

"पाहायचे."

"फक्त पाहायचंच?"

"आजी," गुंजन वाकून म्हणाली, "ही तर कूलरची मोटर आहे!"

एवढ्यात वैशाली बाहेर आली. डोळे लाल. मागे विहीणबाई, हातात पिशवी.

"आई, माझ्या आईचं राहणं जड झालं होतं तर मला सांगायचं ना! या उन्हात कूलर बंद करून, 'तुमच्या गावी जा' असं तिच्या तोंडावर..."

"मी? मी असे म्हणाले?"

"मम्मी, आजीनं मोटर चोरली!" सोहमने जाहीर केले.

सगळे त्या चार बोटांच्या पाण्याकडे पाहू लागले. जमीन दुभंगेल तर बरे, असे मला झाले. विहीणबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावून त्या अशा हसल्या, अशा हसल्या, की त्यांना पायरीवर बसावे लागले.

"अवं माय! म्या म्हनलं, माह्यानं काय चुकलं! पाच वाजेची गाडी पाहून राह्यली होती मी. काऊन लपवलं एवढं?"

मग उठल्या. बटण बंद करायला लावले, माझी बाटली काढून बाजूला ठेवली आणि पाइपाच्या तोंडात बारीक भोकाचे बांबूचे पेर ठोकले. "आता लावा."

धार थेट पत्र्यावर! मुले रेषा तुडवून नाचू लागली. कारंजे माझे, पंप माझा, वीज माझी, आणि गजर कुणाचा? "कुरखेड्याची आजी झिंदाबाद!" त्या गोंधळात घंगाळ रिकामे झालेले कोणी पाहिले नाही. घर्र असा आवाज आला, जळका वास आला, पंप गेला.

आता वैशालीच्या डोळ्यांतला संशय पुसायला नको का? मी विहीणबाईंचे हात धरले. म्हणाले, "शाळा सुरू होईपर्यंत जायचे नाही. आणि आजपासून माझ्या खोलीत, माझ्या कूलरसमोर झोपायचे." आता आपल्यात रीत अशी, की यजमानाने आग्रह करावा आणि पाहुण्याने "नको नको" म्हणावे. मी त्या 'नको'ची वाट पाहत उभी.

"बरं," त्या म्हणाल्या, "तुम्ही एवढं म्हनून राह्यल्या, तं थांबतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या पलंगावर, दोन्ही बाजूंना दोन नातवंडे. मी पुढच्या खोलीत, गरम हवेसमोर. बाजारात तसला पंप मिळेना. दीड वाजेपर्यंत मी मानाने टिकले. मग उशी उचलली आणि स्वतःच्याच खोलीचे दार वाजवले.

गुंजनने फटीतून पाहिले. "थांब, विचारून सांगते."

विचारून आली. "ये म्हणते. पण भिंतीकडून झोप."

मी खाली जमिनीवर, भिंतीकडून झोपले. पलंगावर पुढच्या उन्हाळ्यात कुरखेड्याला कोण कोण जाणार, याची यादी चालली होती. मी डोळे मिटून घेतले आणि श्वास रोखून माझ्या नावाची वाट पाहू लागले. सोहमने घातले. गुंजनने खोडले.

"राहू दे वं," विहीणबाई म्हणाल्या, "येऊ दे बिचारीले."

आणि मॅट्रिक झालेल्या मला, भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या, किती बरे वाटले म्हणून सांगू!